पार्टिशन बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून फाइली कशा काढायच्या

डिस्क जोडली, ड्राइव्हचं अक्षरही दिसलं, पण उघडायला गेलं की विंडोज सांगतं, ‘वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल.’ खाली दोन बटणं असतात. त्यातलं ‘कॅन्सल’ दाबा. कधी फॉरमॅटऐवजी डिस्क ‘इनिशियलाइझ’ करायची का असं विचारलं जातं, तिथेही कॅन्सलच. या एका क्षणी तुम्ही काय दाबता यावर पुढचं बरंच काही ठरतं, कारण बहुतेक वेळा तुमचे फोटो, हिशेब, प्रबंध हे सगळं डिस्कवर जिथल्या तिथे असतं. बिघडलेला असतो तो ते कुठे आहे हे सांगणारा छोटासा भाग.

हे काम आधी कधीच केलं नसेल असं धरून पुढे लिहितो आहे. उदाहरण नेहमीचंच घेऊ : एक टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, तिच्यावर एकच पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग), विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीचं, कॉपी चालू असताना वीज गेली किंवा यूएसबीची वायर निसटली, आणि आता डिस्क ‘रॉ’, म्हणजे आतली मांडणी ओळखता न येणारी, दिसते आहे किंवा पार्टिशनच गायब आहे. तुमची गोष्ट थोडी वेगळी असेल, पण कामाचा क्रम हाच राहील. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढायची, मग त्या प्रतीतून फाइली काढायच्या. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही.

नक्की काय बिघडलंय

डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ५१२ बाइटमध्ये, जुन्या पद्धतीचं एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) असतं. त्यातले पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कोडसाठी राखलेले, त्यापुढचे ६४ बाइट म्हणजे पार्टिशन टेबल, आणि शेवटचे दोन बाइट खूण म्हणून. त्या ६४ बाइटमध्ये चार नोंदी बसतात, प्रत्येकी १६ बाइटची : पार्टिशन कुठून सुरू होतं, केवढं आहे, कोणत्या प्रकारचं आहे. बस, एवढंच. हे ६४ बाइट पुसले गेले की एक टीबीची भरलेली डिस्क ‘अनअलोकेटेड’, म्हणजे मोकळी, दिसू लागते. गावनकाशाचा कागद फाटला म्हणून शेतं नाहीशी होत नाहीत, तसंच हे.

नवी पद्धत जीपीटीची. दोन टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला एमबीआर पुरत नाही, त्यामुळे तिथे बहुधा जीपीटीच असतं. जीपीटी आपल्या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं. सुरुवातीचा भाग खराब झाला तरी शेवटची प्रत बहुधा शाबूत असते.

पार्टिशनच्या आतही अशी सोय असते. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची, म्हणजे पार्टिशनच्या मांडणीची माहिती देणाऱ्या पहिल्या सेक्टरची, प्रत त्याच पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते. एफएटी-३२ आणि एक्सफॅट या फाइली मांडण्याच्या दुसऱ्या पद्धती; त्यांत ती अनुक्रमे सेक्टर क्रमांक ६ मध्ये आणि १२ पासून पुढे असते. लिनक्सच्या ईएक्सटी-४ मध्ये सुपरब्लॉकच्या, म्हणजे तशाच मुख्य माहितीच्या, अनेक प्रती डिस्कभर पसरलेल्या असतात. एनटीएफएसमध्ये आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे एमएफटी. प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, आकार आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे आहेत याची नोंद त्यात असते. एमएफटी शाबूत असेल तर फोल्डर आणि नावांसकट सगळं परत मिळतं. फॉरमॅटच्या बटणाची भीती बाळगायची ती यासाठीच : क्विक फॉरमॅट फाइलींचा मजकूर लगेच पुसत नाही, पण नवं एमएफटी लिहायला घेतं, आणि ते जुन्यावरच पडलं की पहिल्या काही नोंदी कायमच्या जातात.

आता तुमच्याकडे यातलं काय झालंय ते बघा. विंडोजच्या स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. फक्त बघायचं, काही दाबायचं नाही. डिस्क दिसते, आकार बरोबर आहे, पण पट्टी काळी आणि ‘अनअलोकेटेड’ लिहिलेली असेल तर पार्टिशन टेबल गेलं आहे. पार्टिशन दिसतं पण पुढे ‘रॉ’ लिहिलंय, तर टेबल ठीक आहे आणि आतला बूट सेक्टर किंवा एमएफटी दुखावलं आहे. ‘नॉट इनिशियलाइझ्ड’ असेल तर पहिला सेक्टर वाचला जात नाहीये किंवा पुसला गेला आहे. आणि डिस्क दिसतच नाही, किंवा एक टीबीच्या जागी शून्य वा काहीतरी भलताच आकार दिसतो, तर बिघाड पार्टिशनचा नाही, डिस्कच्या यंत्राचा आहे. तिथे हा लेख उपयोगाचा नाही. डिस्क बंद करा आणि खाली डेटा रिकव्हरी लॅबबद्दल जे लिहिलंय ते वाचा. (एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. तो बिघाड नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.)

काही वेळा पार्टिशन बिघडलेलंच नसतं. मॅकवर किंवा लिनक्सवर तयार केलेली डिस्क विंडोजला वाचता येत नाही आणि ते भोळेपणाने फॉरमॅट करायला सांगतं. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. एक्स्टर्नल डिस्कचा डबा बिघडला म्हणून कोणी आतली डिस्क बाहेर काढून थेट संगणकाला जोडतं, आणि सगळं ‘अनअलोकेटेड’ दिसतं. काही डब्यांमधला सर्किट बोर्ड ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क संगणकाला ४०९६ बाइटच्या सेक्टरची म्हणून दाखवतो. पार्टिशन टेबलातले आकडे त्या मोठ्या सेक्टरमध्ये लिहिलेले असतात, त्यामुळे थेट जोडल्यावर सगळे पत्ते आठपट चुकतात. तोच डबा किंवा त्याच मॉडेलचा दुसरा डबा मिळाला तर डिस्क जशीच्या तशी उघडू शकते. काही डबे तर सगळा डेटा एन्क्रिप्ट करूनच लिहितात. त्यांचा बोर्ड टाकून देऊ नका, किल्ली बहुधा त्यातच असते.

हात लावण्याआधी

चेकडिस्क (विंडोजमधलं डिस्क दुरुस्त करणारं साधन) चालवू नका. यूट्यूबवर पहिला सल्ला हाच मिळतो, आणि मला तो सगळ्यात घातक वाटतो. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींच्या नोंदींची व्यवस्था, सुसंगत करणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. एखादी नोंद त्याला पटली नाही तर ते ती काढून टाकतं आणि उरलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात आकड्यांच्या नावांनी टाकतं. शिवाय हे सगळं मूळ डिस्कवर होतं, परतीची वाट नाही. म्हणूनच बिघडलेली डिस्क जोडलेली ठेवून विंडोज सुरू करू नका. सुरू होताना ते आपणहून चेकडिस्क लावू शकतं.

रिकव्हरीचं सॉफ्टवेअर बिघडलेल्या डिस्कवर उतरवू नका, इन्स्टॉल करू नका. काढलेल्या फाइलीही तिथेच ठेवू नका. सांगायला सोपं आहे, पण दुसरी मोठी डिस्क हाताशी नसली की लोक नेमकं हेच करतात.

मग कान लावा. टक-टक असा लयीत आवाज येतो, डिस्क फिरायला लागून थांबते, पुन्हा फिरायला लागते, किंवा खरवडल्यासारखा आवाज येतो, तर ताबडतोब वायर काढा. आत वाचणारं हेड आणि फिरणारी चकती यांच्यातलं अंतर धुळीच्या कणापेक्षाही कमी असतं. हेड बिघडलं असेल तर प्रत्येक फेरीत पृष्ठभाग खरवडला जातो. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं, टिचक्या मारणं, घरी उघडून बघणं यातलं काहीही करू नका. तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड आणून बसवणं आधुनिक डिस्कमध्ये नुसतं चालत नाही, कारण त्या बोर्डावरच्या रॉममध्ये त्या एकाच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात.

आवाज ठीक असेल तर स्मार्टचे आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्या, बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ते दाखवतं, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. तीन ओळी महत्त्वाच्या : क्रमांक ५, ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’, १९७, ‘करंट पेंडिंग सेक्टर’, आणि १९८, ‘अनकरेक्टेबल’. तिन्ही शून्य असतील तर डिस्क बहुधा धडधाकट आहे, फक्त नोंदी बिघडल्यात. १९७ मध्ये आकडा असेल तर तेवढे सेक्टर आत्ता वाचता येत नाहीयेत आणि डिस्कजवळ वेळ कमी आहे. १९९ वाढलेला असेल तर आधी वायर बदला. तो आकडा डिस्कचा नसून वायरीतल्या चुकांचा असतो. मी तर वायर आणि यूएसबीचं पोर्ट प्रत्येक वेळी आधी बदलूनच बघतो. विशेषतः लॅपटॉपच्या हबवरून चालणाऱ्या छोट्या डिस्कना पुरेशी वीज मिळत नसल्याने त्या अर्ध्यावर तुटतात.

एसएसडी असेल तर हिशोब वेगळा. फाइल पुसली किंवा फॉरमॅट केलं की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’चा आदेश देतं आणि एसएसडी त्या जागा मोकळ्या करून टाकते, वाचायला गेलं की शून्यं मिळतात. नुसतं पार्टिशन टेबल बिघडलं असेल आणि त्यानंतर काही केलं नसेल तर मात्र आशा असते. एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : अलीकडच्या काही फिरत्या हार्ड डिस्कही, एसएमआर (एकमेकांवर थोड्या चढलेल्या पट्ट्यांत लिहिण्याच्या) पद्धतीच्या, ट्रिम मानतात. त्यामुळे ‘चुकून क्विक फॉरमॅट झालं तरी काय, डेटा असतोच’ हे जुनं गणित आता प्रत्येक डिस्कला लागू पडत नाही.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप) लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी शोधा. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली असते, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ऑफिसच्या आयटी विभागाकडे. ती नसेल तर पुढचं सगळं करून हातात फक्त कचरा येईल.

पूर्ण प्रत काढणं

नवख्यांना हा टप्पा गाळावासा वाटतो, कारण त्याला वेळ लागतो आणि फाइल एकही दिसत नाही. तो गाळू नका. प्रत हाताशी असली की पुढे कितीही प्रयोग करता येतात. एक सॉफ्टवेअर जमलं नाही तर दुसरं लावता येतं, आणि मूळ डिस्क कपाटात सुरक्षित राहते.

साहित्य लागतं ते असं. एक टीबीच्या डिस्कची प्रत एक टीबीचीच होते, डिस्क अर्धी रिकामी असली तरी, कारण आपण फाइली नव्हे, सेक्टर उतरवतो. शिवाय काढलेल्या फाइलींना जागा हवी, म्हणून दोन टीबीची डिस्क घ्या. ती एनटीएफएस किंवा ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट केलेली असावी; एफएटी-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतली डिस्क असेल तर ती जोडायला साटा-यूएसबी डॉक लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत तो सहज मिळतो. आणि एक रिकामा पेनड्राइव्ह.

त्या पेनड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू नावाचं मोफत लिनक्स चढवायचं आहे. त्यात या कामाची सगळी हत्यारं आधीपासून असतात. त्याच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा आणि रुफस या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहा. रुफस समोरचा ड्राइव्ह पूर्ण पुसून लिहितं, म्हणून त्या वेळी बिघडलेली डिस्क संगणकाला जोडलेली नको. मग संगणक बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू करा. बूट मेन्यूसाठी बहुतेक लॅपटॉपवर एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप चालतं.

काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन कर्सर लुकलुकायला लागला की घाबरू नका. आधी फक्त चांगली, नवी डिस्क जोडा आणि ‘एलएसबीएलके’ ही कमांड द्या. (इथे सगळ्या कमांडची नावं आपल्या लिपीत लिहिली आहेत, टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत लिहायच्या.) डिस्कची यादी येईल : ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं आणि पुढे आकार. आता बिघडलेली डिस्क जोडा आणि तीच कमांड पुन्हा द्या. यादीत जे नाव नव्याने आलं ती बिघडलेली डिस्क. ते कागदावर लिहून ठेवा. नावापुढे आकडा असेल, ‘एसडीबी-१’सारखा, तर ते पार्टिशन झालं, आपल्याला आकडा नसलेलं नाव, म्हणजे पूर्ण डिस्क, हवी.

नवी डिस्क ‘माउंट’ कमांडने एखाद्या फोल्डरवर जोडून घ्या. इथे एक सापळा आहे. माउंट नीट झालं नसेल तरी तो फोल्डर दिसतोच, आणि त्यात लिहिलेली प्रत नव्या डिस्कवर न जाता संगणकाच्या रॅममध्ये जायला लागते. काही जीबी झाले की जागा संपते आणि सगळं अडकतं. म्हणून प्रत सुरू करण्याआधी ‘डीएफ’, स्पेस, ‘डॅश एच’ ही कमांड देऊन त्या फोल्डरपुढे खरंच जवळपास दोन टीबी दिसतंय ना, ते बघा.

आता मुख्य काम. जीएनयू डीडीरेस्क्यू हे अँतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर नेमकं अशा डिस्कसाठी आहे. साधी कॉपी खराब सेक्टरवर अडते आणि तिथेच घासत बसते. डीडीरेस्क्यू अडलेली जागा सोडून पुढे जातं, आधी सहज मिळेल ते सगळं गोळा करतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. कुठवर आलो आणि काय राहिलं याची नोंद ते मॅप फाइलमध्ये ठेवतं. कमांडचे भाग या क्रमाने : डीडीरेस्क्यू, मग ‘डॅश एन’, मग बिघडलेल्या डिस्कचा पत्ता, मग प्रतीच्या फाइलचं नाव, मग मॅप फाइलचं नाव. क्रम उलटा झाला तर प्रत काढण्याऐवजी बिघडलेल्या डिस्कवरच लिहायचा प्रयत्न होईल. एंटर दाबण्याआधी कागदावरच्या नावाशी ताडून बघा, घाई करू नका.

‘डॅश एन’ म्हणजे पहिल्या फेरीत अवघड जागा खरवडू नकोस. ही फेरी संपली की तीच कमांड पुन्हा, पण ‘डॅश एन’च्या जागी ‘डॅश डी’ आणि ‘डॅश आर ३’ लिहून. म्हणजे ते उरलेल्या जागा तीनदा वाचून बघेल. मॅप फाइल तीच ठेवायची. मध्येच थांबवायचं झालं तर कंट्रोल-सी. नंतर तीच कमांड दिली की काम राहिलं होतं तिथून पुढे चालू होतं. डिस्क मध्येच तुटून पुन्हा जोडली गेली तर तिचं नाव बदललेलं असू शकतं, म्हणून दर वेळी एलएसबीएलके आधी.

वेळेचा अंदाज असा. डिस्क धडधाकट असेल आणि सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर एक टीबीला पावणेतीन तास. जुन्या यूएसबी-२ वर तेच काम आठ-नऊ तासांचं. खराब सेक्टर असतील तर दिवस-दोन दिवसही जातात. पडद्यावर ‘रेस्क्यूड’पुढची टक्केवारी आणि शेवटचं यशस्वी वाचन किती वेळापूर्वी झालं हा आकडा बघत राहा. टक्केवारी ९९च्या पुढे गेली आणि तासन्‌तास एकही सेक्टर नवा मिळत नसेल तर थांबायला हरकत नाही. टक्केवारी सुरुवातीलाच अडकली आणि आवाज बदलला, तर डिस्क बंद करून लॅब गाठा.

प्रत झाली की मूळ डिस्क काढा, तिच्यावर चिठ्ठी चिकटवा आणि ठेवून द्या.

प्रतीतून फाइली : टेस्टडिस्क

क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं टेस्टडिस्क मोफत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि पार्टिशन शोधण्यात माझा त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास आहे. दिसायला ते जुनाट आहे. माउस चालत नाही, बाण आणि एंटर यांवर सगळं चालतं.

सिस्टिमरेस्क्यूमध्ये ‘टेस्टडिस्क’ लिहून पुढे प्रतीच्या फाइलचं नाव द्या. पहिल्या पडद्यावर ‘क्रिएट’ निवडा, म्हणजे लॉग, केलेल्या कामाची नोंद, बनेल. मग तुमच्या प्रतीची ओळ दिसेल. आकार बघून ‘प्रोसीड’. पुढे टेबलाचा प्रकार विचारला जातो : ‘इंटेल’ म्हणजे एमबीआर, ‘ईएफआय जीपीटी’ म्हणजे जीपीटी. ते स्वतः अंदाज बांधून एक सुचवतं. वेगळं माहीत नसेल तर तेच घ्या. मग ‘ॲनलाइझ’, आणि त्यात ‘क्विक सर्च’.

थोड्या वेळात सापडलेल्या पार्टिशनची यादी येते. इथे थांबा. आपलं पार्टिशन वाटतं त्या ओळीवर जाऊन कीबोर्डवरचं ‘पी’ दाबा. सगळं ठीक असेल तर तुमची फोल्डर पडद्यावर दिसतील, नावांसकट, तारखांसकट. देवनागरी नावं त्या काळ्या पडद्यावर वेडीवाकडी दिसू शकतात. त्यावरून फाइल खराब ठरवू नका.

यादी दिसली की काम जवळपास झालं. ‘ए’ दाबून सगळं निवडा, मग कॅपिटल ‘सी’. लहान ‘सी’ दाबलं तर फक्त कर्सरखालची एकच वस्तू कॉपी होते, आणि हा फरक लक्षात न आल्याने पुष्कळ जण एकच फोल्डर घेऊन बाहेर पडतात. कुठे ठेवायचं ते विचारलं जाईल. नव्या डिस्कवरचा फोल्डर निवडून पुन्हा ‘सी’. शेवटी किती फाइली झाल्या आणि किती फसल्या याचे आकडे येतात. फसलेला आकडा लिहून घ्या.

‘पी’ दाबल्यावर फाइल सिस्टिम खराब आहे असं आलं, किंवा यादीत तुमचं पार्टिशनच नाही, तर एंटर दाबून पुढे ‘डीपर सर्च’ करा. त्याला बराच वेळ लागतो, आणि यादीत जुनी, कधीकाळची पार्टिशनंही येतात. एकमेकांवर चढलेली अशी चार-पाच पार्टिशनं दिसली तर गोंधळू नका. प्रत्येकावर ‘पी’ दाबून बघा, ज्यात तुमच्या अलीकडच्या फाइली दिसतील ते खरं.

‘रॉ’ दिसणाऱ्या डिस्कसाठी मेन्यूतलं ‘ॲडव्हान्स्ड’, मग ‘बूट’ बघा. तिथे बूट सेक्टर ‘बॅड’ आणि बॅकअप बूट सेक्टर ‘ओके’ असं दिसलं तर नशीब चांगलं. ‘बॅकअप बीएस’ निवडलं की पार्टिशनच्या शेवटी ठेवलेली प्रत पुढे आणली जाते आणि बरेचदा सगळं एका फटक्यात उघडतं. दोन्ही बॅड असतील तर ‘रीबिल्ड बीएस’. हे बदल लिहिले जातात, पण आपण प्रतीवर काम करतोय म्हणून ते करून बघायला हरकत नाही. ‘राइट’ या पर्यायाचंही तसंच : तो नवं पार्टिशन टेबल लिहितो. प्रतीवर जरूर वापरा, मूळ डिस्कवर नको.

काहीच सापडलं नाही तर फोटोरेक

एमएफटीच उद्ध्वस्त असेल तर टेस्टडिस्कला काही दिसत नाही. मग त्याचंच भावंड असलेलं फोटोरेक. नाव फोटोंचं असलं तरी ते शेकडो प्रकारच्या फाइली शोधतं. ते फाइल सिस्टिमकडे बघतच नाही. डिस्कचा एकेक भाग वाचत जातं आणि फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा ओळखतं. प्रत्येक जेपीईजीची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, पीडीएफची टक्क्याचं चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी, वर्डच्या नव्या फाइली आतून झिपच असतात.

याची किंमत मोजावी लागते. फाइलींची नावं जातात, फोल्डर जातात. ‘रिकअप डीआयआर’ नावाच्या फोल्डरांमध्ये आकड्यांच्या नावांच्या हजारो फाइली मिळतात. डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या फाइली, विशेषतः मोठे व्हिडिओ, बहुधा अर्धवट येतात. म्हणून हा शेवटचा उपाय. सुरू करण्याआधी ‘फाइल ऑप्ट’ मध्ये जाऊन फक्त हवे ते प्रकार निवडा, नाहीतर विंडोजच्या स्वतःच्या आणि ब्राउझरच्या कचऱ्यात तुमचं लग्नाचं अल्बम बुडून जाईल.

फोटो लावून घ्यायला एक्झिफटूल नावाचं सॉफ्टवेअर वापरा. कॅमेऱ्याने फोटोच्या आत लिहिलेली तारीख वाचून ते फाइलींना तारखेनुसार नावं देतं आणि महिन्यांच्या फोल्डरांत टाकतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमध्ये ती माहिती नसते, ते वेगळे पडतील. त्यांना हातानेच बघावं लागेल.

हाती आलेलं तपासताना

फाइल मिळाली म्हणजे चांगलीच असते असं नाही. शंभरेक फोटो पूर्ण आकारात उघडून बघा, नुसत्या छोट्या चित्रांवर जाऊ नका. छोटं चित्र फाइलमध्ये वेगळं साठवलेलं असतं. ते स्वच्छ दिसतं आणि मुख्य फोटोचा खालचा अर्धा भाग करडा निघतो. डिस्कवर खराब सेक्टर होते तर कोणत्या फाइली त्यात सापडल्या हे डीडीरेस्क्यूच सांगू शकतं. त्याच्या ‘फिल मोड’ने, मॅप फाइल वापरून, न वाचलेल्या जागा एखाद्या विचित्र शब्दाने भरायच्या, मग काढलेल्या फाइलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडेल त्या जखमी. हे करताना प्रतीचीही एक प्रत ठेवा.

मराठी कागदपत्रांसाठी वेगळं लिहावं लागतंय, कारण इथे चांगल्या फाइली फेकल्या जातात. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून देवनागरी नसतोच. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. विंडोज नव्याने टाकलेल्या किंवा दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की फाइल उघडताच बाराखडीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात, आणि माणूस ‘करप्ट झाली’ म्हणून ती काढून टाकतो. आधी फॉन्ट टाका, मग ठरवा. छापखान्याच्या पेजमेकर फाइली, पतसंस्थेची जुनी पत्रं, वकिलांचे दस्त या सगळ्यांत हे होतं. अशा फाइलींमध्ये शोध घ्यायचा तर युनिकोड मराठीत शब्द टाकून काही सापडणार नाही. त्याच फॉन्टात शब्द टाइप करा, तो नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर जी चिन्हं दिसतात ती घ्या, आणि त्यांचा शोध लावा. फोटोरेकमधून आलेल्या आकड्यांच्या नावांच्या ढिगातून एखादं खरेदीखत असंच हुडकता येतं.

लॅबकडे जायची वेळ आली तर

टक-टक आवाज, न दिसणारी डिस्क, पाण्यात भिजलेली किंवा पडलेली डिस्क : ही कामं लॅबची. पाण्यात भिजलेली डिस्क सुरू करून बघू नका. जाण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. डिस्क उघडावी लागली तर धूळमुक्त खोली आहे का? तपासणीचे पैसे किती, आणि डेटा मिळाला नाही तर किती? फाइलींची यादी दाखवल्यावरच पूर्ण पैसे द्यायचे का? डिस्क बाहेरगावी पाठवणार का? आणि तुम्ही आधी काय-काय केलंत ते खरं सांगा. चेकडिस्क चालवली असेल तर तेही. त्यामुळे त्यांचं काम सोपं होतं. हेड बदलण्याचं काम महाग असतं, कारण त्यासाठी त्याच मॉडेलची दुसरी डिस्क फोडावी लागते. म्हणून मनात आधीच ठरवा, त्यावर असं काय आहे जे दुसरीकडे कुठेच नाही.

घरीच काम झालं असेल तर मूळ डिस्क आणि प्रत दोन्ही काही महिने तशाच ठेवा. एखादी फाइल नाही हे पुष्कळदा आयकराचं विवरण भरायच्या वेळी, नाहीतर मुलाच्या शाळेला जुना दाखला लागल्यावर लक्षात येतं. मॅप फाइल प्रतीच्या शेजारीच असू द्या. ती हाताशी असेल तर मूळ डिस्क पुन्हा जोडून फक्त राहिलेल्या सेक्टरांवर आणखी एक फेरी मारता येते, आणि थोडे दिवस स्वस्थ पडून राहिलेल्या डिस्कमधून त्या फेरीत कधी कधी आणखी काही सेक्टर निघतात.